हवेवर जगणारा तोलप्पा

रेवणसिद्ध वजनमापे खात्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघरावर धाड घातली.

बसव्वा तेव्हा डब्यातून ज्वारी काढत होती. धाड पडली आहे हे तिला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, नवऱ्याला चहा हवा असेल.

"हे काय आहे?" रेवणसिद्धांनी तिच्या हातातल्या पितळी भांड्याकडे बोट दाखवलं.

"चिपटं."

"ते दिसतंय. शिक्का कुठाय?"

"आईनं दिलंय लग्नात. तिच्याकडं शिक्का न्हवता."

रेवणसिद्धांनी चिपटं ज्वारीनं भरलं, हातानं सपाट केलं, ती ज्वारी आपल्या मापात ओतली, परत चिपट्यात ओतली आणि मान हलवली. बाजारात ही मान हलली की दुकानदारांना घाम फुटायचा. त्यांना धाडीवर नेणाऱ्या नबीसाबच्या टांग्याच्या घुंगरांचा आवाज कोपऱ्यावर आला तरी खोटी वजनं आपोआप तागडीतून उतरायची, असा त्यांचा दरारा होता.

"किलो-लिटर येऊन किती वर्षं झाली?" ते म्हणाले. "कायद्यात आता शेर नाही, पायली नाही. चिपटं नावाचं माप भारतात अस्तित्वातच नाही."

"मग माझ्या हातात काय हाय?"

"गुन्हा."

त्याच दिवशी त्यांनी चुलीच्या वरच्या खुंटीला सरकारी शिक्क्याची मापं टांगली. लिटर, अर्धा लिटर, पाव लिटर, आणखी खाली लहान लहान, सगळी एकात एक बसणारी. आणि हुकूम सुटला. येत्या सोमवारी मोडवाला गल्लीत आला की चिपटं मोडीत जाणार.

बसव्वानं चिपटं पदरानं पुसून पुन्हा ज्वारीच्या डब्यात ठेवलं. अक्कलकोटच्या माहेरून आलेलं ते चिपटं तिच्या हातातलं एक बोटच होतं. काठाला एक पोचा होता, तिथे अंगठा बरोबर बसायचा. त्या चिपट्यानं ती पीठ मळायची, डाळ शिजवायची, हुग्गीच्या खिरीचे गहू काढायची, आणि मीठ किती ते त्या हिशेबानं हाताला आपोआप कळायचं. सरकारी मापानं केलेली आमटी पहिल्याच दिवशी अशी झाली, की बँकेत कारकून असलेला पुतण्या चन्नवीर रात्री जेवायला आला तो पहिला घोट घेऊन थांबला.

"काकू, बरं न्हाय का तुला?"

"मला काय धाड भरलीय? तुझ्या काकांना विचार."

काका तेव्हा शेंगाचटणीतलं मीठ तोलत होते.

चन्नवीर हात धुताना काकूजवळ आला. "त्यांना तपासायला कायतरी लागतं गं. तीस वर्षं तपासायची सवय. एखादं जनावर पाळा. आमचे जुने मॅनेजर रिटायर झाले, त्यांनी कुत्रं आणलं. आता दिवसभर कुत्र्याला शिस्त लावतात, बायको सुखात आहे."

बसव्वानं तो शब्द धरून ठेवला. बायको सुखात आहे.

पण जनावर आणायचं म्हणजे सोपं नव्हतं. घर लिंगायताचं. कुत्र्याला हाडूक लागणार. मांजर उंदीर खाणार, आणि वर दुधाच्या भांड्यात तोंड घालणार. मासे पाळायचे तर सोलापुरात माणसांना नळाचं पाणी पुरत नाही. पोपट शाकाहारी, पण तो बोलतो, आणि एका घरात सतत बोलणारे दोन नकोत, असं बसव्वाला मनापासून वाटत होतं.

उपाय नबीसाबनं काढला. साहेब निवृत्त झाले तरी नबीसाब रोज सकाळी टांगा दाराशी आणून उभा करायचा. सवय त्याची कमी आणि घोडीची जास्त. ती याच दाराशी आपोआप थांबायची आणि मग हलायची नाही. तेवढ्यात त्याचा चहा व्हायचा.

"साब, घोयरा पाळा," नबीसाब बशीत फुंकर घालत म्हणाला.

"घोयरा म्हणजे?"

"सरडाच. पण सरड्यातला नवाब. रंग बदलतो. घाई म्हणून करत न्हाय कदी. आमच्या बाबूळबनात लई हायत."

"विषारी असतो म्हणतात की तो," बसव्वा आतून म्हणाली.

"म्हणत्यात, बाईसाब. म्हणून तर कुणी पाळत न्हाय."

"आणि खातो काय?"

सगळं घर या उत्तरासाठी थांबलं. नबीसाबनं चहाचा घोट घेतला.

"काय बी न्हाय. हवा खातो."

"नुसती हवा?" रेवणसिद्धांनी विचारलं.

"मी रोज बघतो की. तासन् तास फांदीवर बसलेला असतो, तोंड असं जराजरा उघडतो. दाणा न्हाय, पाला न्हाय. त्याचा बाप बी हवाच खायचा."

रेवणसिद्धांनी क्षणभर विचार केला. "हवा शाकाहारी आहे," ते म्हणाले. त्यात खोट काढता येईना.

रविवारी सकाळी निवड ठरली. रेवणसिद्धांनी कोट घातला. आयुष्यात त्यांनी घोडीखेरीज कुठल्या जनावराला हात लावला नव्हता आणि घोडीलाही ते लांबूनच नमस्कार करत. पण कसोटी लावली की कुठलीही वस्तू निवडता येते, असं त्यांचं ठाम मत होतं. मग ते वजन असो की सरडा. सोप्यावर पाट मांडला, भिंग काढलं. चन्नवीर सुट्टी म्हणून मजा बघायला आला होता. बसव्वा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचं चिपटं उद्या मोडीत जाणार होतं, त्यामुळे या परीक्षेत कुणीतरी पास व्हावं अशी सगळ्यात जास्त गरज तिला होती.

नबीसाबनं टोपली ठेवली, वरचं फडकं काढलं. आत तिघे होते.

पहिला मानेला लाल, चटपटीत. पाटावर ठेवताच तो पुढचे पाय ताठ करून डोकं खाली-वर करू लागला.

"हा काय करायलाय?" चन्नवीरनं विचारलं.

"सलाम करतोय," नबीसाब म्हणाला.

"सलाम नाही," रेवणसिद्ध भिंगातून बघत म्हणाले. "हो म्हणतोय. अजून मी काही विचारलंही नाही, तरी हो म्हणतोय. असे व्यापारी मी फार पाहिलेत."

त्यांनी बोट पुढे केलं मात्र, पहिला पाटावरून उडाला, कोटावरून चढला, खांद्यावर क्षणभर थांबून पुन्हा एकदा हो म्हणाला आणि तिथून पत्र्यावर पसार झाला.

"आणि धाड पडली की मागच्या दारानं पळणारा," रेवणसिद्धांनी निकाल दिला. "शिवाय हा कुंपणावरचा साधा सरडा आहे, नबीसाब. तू माल मिसळतोस."

"नगाला नग लागतो की, साब. टोपली भरलेली दिसाया पायजे."

दुसरा खरा घोयरा होता, चांगला वीतभर, वर शेपटीची गुंडाळी वेगळी. पण त्याची कातडी सैल पडली होती, डोळे आत गेले होते आणि ते मिटलेले होते. बोट दिलं तर त्यानं ते धरलं न धरल्यासारखं केलं.

"भर दिवसा झोपतो," रेवणसिद्ध म्हणाले.

"मग तुमच्या खात्यात चालून जाईल, काका," चन्नवीर म्हणाला.

काकांनी भिंगातून पुतण्याकडे पाहिलं. भिंगातला तो डोळा एवढा मोठा दिसला की चन्नवीर दोन पावलं मागे सरला.

"आजारी दिसतोय बिचारा," बसव्वा म्हणाली. "त्याला जिथून आणला तिथं नेऊन सोडा, नबीसाब. झाडावर बरा होईल."

राहिला तिसरा. हा लहान, हिरवागार, पाठीला बारीक दातेरी काठ. हात जवळ आल्यावर तो अंग फुगवून फुस्स म्हणाला. नबीसाबनं त्याला साहेबांच्या बोटावर चढवलं. त्यानं बोट असं घट्ट आवळलं की रेवणसिद्धांचा चेहराच बदलला. पायाला बोटं दोन बाजूंना जुळलेली, सोनाराच्या चिमट्यासारखी. आणि मग त्यानं डोळे फिरवले. दोन्ही एकदम नाही. उजवा डोळा वर रेवणसिद्धांच्या तोंडाकडे गेला आणि डावा खाली त्यांच्या हाताकडे. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

"बसव्वा," रेवणसिद्ध अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे बघ. एक डोळा काट्यावर, एक डोळा व्यापाऱ्याच्या हातावर."

"बघतेय की."

"मला तीस वर्षांत हे जमलं नाही."

त्याला पाटावर चालायला ठेवलं. त्यानं एक पाय उचलला, पुढे झुलला, मागे झुलला, पुन्हा पुढे झुलला, आणि बऱ्याच वेळानं तो पाय टेकला. तराजूची दांडी स्थिर व्हायच्या आधी अशीच झुलते. रेवणसिद्ध त्या झुलण्याबरोबर स्वतःही थोडे पुढेमागे होत होते.

"पास," ते म्हणाले. आणि तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं, तोलप्पा.

तोलप्पा रंग बदलतो, याचा पुरावा लगेच हवा होता. चन्नवीरनं पलंगावरची पाचरंगी सोलापुरी चादर आणून अंथरली आणि त्याला मधोमध बसवलं. सगळे वाट बघू लागले. तोलप्पानं चादरीवर एक डोळा फिरवला. मग दुसरा फिरवला. मग तो हळूहळू काळपट पडला आणि तसाच बसून राहिला.

"चौकड्या येत न्हायत," चन्नवीर म्हणाला.

"डिझाइन लई अवघड हाय, साब," नबीसाब म्हणाला. "त्याला पयली साधी सतरंजी द्या."

बसव्वाच्या मात्र वेगळंच लक्षात आलं. उन्हाकडची बाजू जास्त काळी पडली होती, सावलीतली कमी. चादरीशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला ऊन लागत होतं आणि राग आला होता, एवढंच. पण नवऱ्याला इतकं रमलेलं तिनं निवृत्तीनंतर पहिल्यांदाच पाहिलं होतं, म्हणून ती गप्प राहिली.

मग तोलप्पाचं जेवण सुरू झालं. खिडकीत एक वाळकी फांदी रोवली, समोर टेबलफॅन ठेवला. सकाळी फॅन दोन नंबरवर, दुपारी पूर्ण जेवण म्हणून तीन नंबरवर, रात्री पचायला हलकं म्हणून एकवर. वीज गेली तेव्हा रेवणसिद्धांनी त्याला पुठ्ठ्यानं वारा घालून भरवलं. तीन नंबरवर तोलप्पा फांदीला चारही पायांनी मिठी मारून डोळे मिटून घ्यायचा.

"कसा तृप्त दिसतो," रेवणसिद्ध म्हणायचे.

सोमवारी घरात उपास, म्हणून तोलप्पालाही दिवसभर फॅन नाही. संध्याकाळी मोडवाल्याची आरोळी गल्लीत आली तेव्हा बसव्वाचे हात चिपट्यावर घट्ट झाले. पण बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "पुढच्या सोमवारी ये रे! आत्ता इथे उपास सुटतोय!" आणि फॅन घरघरला.

चिपटं एका आठवड्यानं वाचलं. चार दिवस बसव्वानं राजीखुशीनं स्वयंपाक केला. आमटी जागेवर आली. खुंटीवरची सरकारी मापं नुसती लटकत राहिली. बसव्वा सकाळी बेलाच्या पानांवर पाणी शिंपडून डहाळी तोलप्पासमोर धरायची, तेव्हा तो ते थेंब चाटायचा. त्याची कुशी आत जात चालली आहे हे तिला दिसत होतं. "हवेत कस नाही," असं नवऱ्याला वाटत होतं आणि तो फॅन आणखी जवळ सरकवत होता.

गुरुवारी दुपारी वीज गेलेली होती. रेवणसिद्ध पुठ्ठा घेऊन तोलप्पाच्या समोर बसले होते. उकाड्यानं माश्या झाल्या होत्या. त्यातली एक आली आणि त्यांच्या चष्म्याच्या उजव्या काचेवर बसली.

तोलप्पाचे दोन्ही डोळे, पहिल्यांदाच, एकाच ठिकाणी आले.

"बसव्वा! बघ, बघ, माझ्याकडे एकटक—"

फट् असा आवाज झाला. त्याच्या तोंडातून त्याच्या स्वतःच्या लांबीएवढं काहीतरी निघालं, चष्म्यावर आपटलं आणि परत गेलं. चष्मा नाकावरून घसरला. काचेवर एक ओला ठिपका राहिला. माशी नव्हती. तोलप्पा अत्यंत शांतपणे चावत होता.

"शिव शिव शिव!" रेवणसिद्ध खुर्चीसकट मागे गेले. "यानं खाल्ली! बसव्वा, यानं जीव खाल्ला! माझ्या चष्म्यावरून!"

संध्याकाळी नबीसाबला बोलावण्यात आलं. तो आधी मानायलाच तयार नव्हता.

"चुकून हवेबरोबर गेली आसंल, साब."

"जीभ काढून नेली यानं तिला, जीभ! हा माल परत घे. माझ्या घरात मांसाहार चालणार नाही. आणि सोमवारी ते चिपटंही जाऊ दे. या घरात सगळा कारभार ढिला पडलाय, तो मलाच नीट बघावा लागेल."

बसव्वाला पुढचं सगळं स्वच्छ दिसलं. तोलप्पा टांग्यात, चिपटं मोडवाल्याच्या पोत्यात आणि नवरा चुलीपाशी स्टूल टाकून मीठ तोलत. ती पदर खोचून बाहेर आली.

"घरात चालत न्हाय, बरोबर हाय तुमचं," ती म्हणाली. "पण बाहेर खाल्लं तर?"

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. आपला चन्नवीर न्हाय का स्टेशनजवळच्या गाड्यावर आम्लेट खाऊन येत? घरात येताना चूळ भरतो, लवंग चघळतो. त्याला कधी टांग्यात घालून पाठवलंय का तुमी?"

चन्नवीर तेव्हाच लवंग चघळत दारातून आत येत होता. तो जागीच थांबला. गेली तीन वर्षं ही गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोललं नव्हतं. त्याचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला. तोलप्पाला एवढ्या थोड्या वेळात दोन रंग कधी जमले नव्हते.

"कधीतरीच, काका," तो म्हणाला. "तेही डबल नाही. सिंगल."

रेवणसिद्धांनी एकदा पुतण्याकडे पाहिलं, एकदा तोलप्पाकडे. तोलप्पा त्या दोघांकडे एकाच वेळी पाहत होता. नियम सगळ्यांना सारखा, हे तत्त्व त्यांनी नोकरीत कधी मोडलं नव्हतं.

"अंगणात," ते शेवटी म्हणाले. "डाळिंबाच्या झाडावर. घरात एक माशीसुद्धा नाही."

"आणि मी?" चन्नवीरनं विचारलं.

"तू स्टेशनावर."

दुसऱ्या दिवशी नबीसाब कापडी पिशवी भरून नाकतोडे घेऊन आला. पिशवी आपणहून उड्या मारत होती. रेवणसिद्धांचा हुरूप परत आला. आता खरं काम निघालं होतं. रोजचा आहार ठरायला हवा होता, कमी नाही, जास्त नाही. एकेक मोजावा तर नाकतोडे उडतात. म्हणजे माप पाहिजे. ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"बसव्वा, तुझं ते चिपटं दे जरा. नाहीतरी मोडीतच जायचंय."

बसव्वानं चिपटं पाठीमागे धरलं. मग तिची नजर वर खुंटीकडे गेली आणि तिथेच जराशी थांबली.

"अहो, असं कसं?" ती म्हणाली. "त्याला शिक्का कुठाय? सरकारी कामाला बिनशिक्क्याचं माप चालंल का?"

रेवणसिद्ध थबकले. बायको कायद्यानं बोलली, असं लग्नापासून कधी झालं नव्हतं. त्यांचे डोळे जवळजवळ पाणावले.

"चालणार नाही," ते म्हणाले.

तिनं स्वतः खुंटीवरून मापं काढून त्यांच्या हातात दिली आणि मागोमाग अंगणात जाऊन उभी राहिली. आधी अर्धा लिटर भरून पाहिलं, ते फार झालं. मग पाव. मग त्याहून लहान. शेवटी लहानग्या मापात ताजे नाकतोडे बसले, वरून तळहातानं सपाट केले, एक निसटला, तो तोलप्पानं जागच्या जागी टिपला. नबीसाबनं टाळी वाजवली. घोडीनं मान हलवली. रेवणसिद्धांनी मापं पुन्हा एकात एक बसवली आणि कट्ट्यावर ठेवली.

संध्याकाळी ते खुशीत, हातात मापं घेऊन स्वयंपाकघराकडे निघाले. "आज डाळ मी काढून देतो," असं म्हणत त्यांनी उंबऱ्यावर पाय टाकला.

"तितंच थांबा!"

ते थांबले.

"सकाळी कशात भरले नाकतोडे?"

"या छोट्यात."

"फक्त त्याच्यात?"

रेवणसिद्ध खोटं बोलत नसत. "आधी अर्ध्यात बघितले. मग पावात."

"आणि लिटरात?"

"लिटरात नाही!" ते घाईनं म्हणाले आणि मग हातातल्या मापांकडे त्यांचं लक्ष गेलं. पावाच्या पोटात छोटं होतं, अर्ध्याच्या पोटात पाव आणि लिटराच्या पोटात अर्धा. तळाशी एक तुटलेली हिरवी तंगडी दिसत होती.

"एकात एक हायत," बसव्वा शांतपणे म्हणाली. "सगळीच बाटली की. आता ही चुलीजवळ कशी यायची? तुमीच सांगा."

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. हवा तेवढी आत गेली. नियमात कुठे फट सापडते का ते त्यांनी शोधलं आणि ती सापडली नाही.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "ही बाहेरची."

"मग डाळ कशानं काढू? रात्रीचं जेवण हाय."

यावर रेवणसिद्ध इतका वेळ मापं या हातातून त्या हातात घेत राहिले की अंगणात तोलप्पानं तेवढ्यात एक पाय उचलून, झुलवून, टेकवूनही टाकला.

"त्याला," ते शेवटी म्हणाले, "निदान घासून चकचकीत ठेव."

"ठेवते की."

ते मापं घेऊन परत अंगणात गेले. डाळिंबाच्या झाडावरून तोलप्पाचा एक डोळा मापांवर आला. दुसरा डोळा उघड्या दारातून आत गेला. तिथे बसव्वा काठाच्या पोच्यावर अंगठा ठेवून डाळ काढत होती, आणि शीग लावून, चांगलं वरपर्यंत भरून काढत होती.